मुंबई ते जेद्दा विमानाचं अंतर किती, वेळ किती लागतो? भोर-भाटघरहून निघणाऱ्यांसाठी संपूर्ण माहिती

उमराहचं तिकीट हातात आलं की घरात पहिला प्रश्न विचारला जातो, "किती तासांचा सफर आहे?" अम्मी-अब्बांना साखर किंवा बीपीची गोळी वेळेवर घ्यायची असते. एहराम कुठे बांधायचा ते ठरवायचं असतं, आणि गाडीवाल्याला किती वाजता बोलवायचं तेही. तिकिटावर पाहावं तर जाताना तीन तास आणि येताना सात तास दिसतात. विमान तेच आणि आकाशही तेच, मग एवढा फरक कसा? हा हिशोब इथे सविस्तर मांडला आहे. भोर, भाटघर, नसरापूर, वेल्हे (आताचा राजगड तालुका) या भागातून निघणारं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून आकडे दिले आहेत. पुणे-सातारा पट्ट्यातल्या कोणालाही ते थोड्याफार फरकाने लागू पडतील.

सरळ अंतर किती

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ (कोड बीओएम) ते जेद्दाचा किंग अब्दुलअझीझ आंतरराष्ट्रीय विमानतळ (कोड जेईडी) हे हवाई अंतर सुमारे ३,५२० किलोमीटर आहे. मैलांत ते साधारण २,१८५ आणि सागरी मैलांत १,९०० होतं. इंटरनेटवर कुठे ३५००, कुठे २१८५, तर कुठे १९०० असा आकडा दिसतो आणि लोक गोंधळतात. तिन्ही बरोबर आहेत, फक्त मोजमाप वेगळं आहे. विमान कंपन्या आणि वैमानिक सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं आहे, म्हणजे गोळ्यावर दोरा ताणून धरला तर जितका लागेल तितकं. सपाट नकाशावर मुंबई आणि जेद्दा जवळजवळ एका आडव्या रेषेत दिसतात. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि जेद्दा साडेएकवीसच्या थोडं वर. अरबी समुद्र ओलांडला की ही रेषा ओमानच्या किनाऱ्यावर लागते. सफरीचा मध्यबिंदू ओमानच्या वाळवंटात येतो. तिथून पुढे रुब अल-खाली, म्हणजे सौदीचा तो प्रचंड ओसाड वाळूचा प्रदेश, मग ताइफच्या बाजूचे डोंगर आणि शेवटी लाल समुद्राचा किनारा. रात्रीच्या विमानात खिडकीशी बसलात तर समुद्र संपल्यावरही बराच वेळ खाली एक दिवा दिसत नाही. ते रुब अल-खाली असतं, समुद्र नव्हे. प्रत्यक्षात विमान या रेषेवरून तंतोतंत जात नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात, कंट्रोलच्या सूचना असतात, कधी हवामान, तर कधी एखाद्या देशाचं आकाश बंद असतं. त्यामुळे दोन-तीन टक्के अंतर जास्त धरायचं.

मदीनाचं तिकीट असेल तर? मुंबई ते मदीना (कोड एमईडी) हे अंतर सुमारे ३,४७० किलोमीटर आहे. अनेकांना वाटतं मदीना लांब, कारण ते मक्केच्या उत्तरेला चारशे-साडेचारशे किलोमीटरवर आहे. पण मुंबईतून पाहिलं तर मदीना जेद्दापेक्षा पन्नासेक किलोमीटर जवळच पडतं. वेळ जवळपास तेवढाच लागतो.

हवेत किती तास

या मार्गावरच्या विमानाचा उंचीवरचा वेग साधारण ताशी ८३० ते ९०० किलोमीटर असतो. ३,५२० ला ८५० ने भागलं तर चार तास दहा मिनिटं येतात. मग तिकिटावर सव्वापाच-साडेपाच तास का लिहितात? कारण तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. मुंबईत विमान गेट सोडतं आणि रांगेत उभं राहतं, मग धावपट्टी मिळते. वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं, उतरायला तेवढीच, आणि त्या काळात वेग कमी असतो. त्यात जाताना बहुतेक वेळा वारा समोरून येतो.

या वाऱ्याची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. हिवाळ्यात उत्तर भारत आणि अरबस्तानच्या वर खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. जेद्दाला जाणारं विमान त्याच्या विरुद्ध जातं, म्हणून उशीर होतो. मुंबईला येताना तोच वारा मागून ढकलतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत जाताना साडेपाच तासांच्या आसपास आणि येताना साडेचार ते पावणेपाच, असा फरक पडतो. पावसाळ्यात उलटं घडतं. तेव्हा हा पश्चिमी वारा उत्तरेकडे सरकतो, आणि दक्षिण भारतावर उंचावर पूर्वेकडून वारे वाहू लागतात. मग जाणं आणि येणं यांतलं अंतर कमी होतं. सर्वसाधारणपणे जाताना पाच ते साडेपाच तास आणि येताना साडेचार ते पाच, असं धरून चाला.

घड्याळाचा घोळ

भारतीय वेळ सौदी वेळेच्या अडीच तास पुढे आहे. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले की मक्केत सात वाजलेले असतात. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या शहराची आणि पोहोचायची वेळ पोहोचण्याच्या शहराची छापलेली असते. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

उदाहरण घेऊ. मुंबईहून रात्री ११ वाजता विमान सुटलं आणि साडेपाच तास लागले, तर आपल्या घड्याळात पहाटेचे साडेचार होतील. पण जेद्दात तेव्हा रात्रीचे दोनच वाजलेले असतील, आणि तिकिटावर लिहिलेलं असेल २३:०० ते ०२:००. वाचणाऱ्याला वाटेल तीन तासांत पोहोचलो. परतीला जेद्दाहून दुपारी तीनला निघालात आणि पावणेपाच तास लागले, तर तिथे पावणेआठ वाजतील, पण मुंबईत सव्वादहा झालेले असतील. तिकिटावर १५:०० ते २२:१५, म्हणजे सव्वासात तास दिसतात.

एक सोपी युक्ती आहे. तिकिटावर दिसणारे जाण्याचे आणि येण्याचे तास एकत्र करा आणि दोनाने भागा. तीन आणि सव्वासात मिळून सव्वादहा, त्याचे निम्मे पाच तास सात मिनिटं. एकीकडे अडीच तास वजा झालेले असतात, दुसरीकडे तेवढेच जमा, म्हणून बेरजेत ते आपोआप निघून जातात. सफर खरा किती, ते कळतं. फक्त दोन्ही विमानं थेट असली पाहिजेत.

आणि आता सगळ्यात महाग पडणारी गोष्ट. मुंबईहून आखाताकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "१५ तारीख, ००:४०" असं असेल, तर विमान १४ तारखेच्या रात्री जेवण झाल्यावर सुटणार आहे. १४ ला संध्याकाळी तुम्ही विमानतळावर असायला हवं. "पंधराची फ्लाइट आहे" असं म्हणून घरचे १५ ला रात्री निघाले, तर विमान जाऊन चोवीस तास झालेले असतील, आणि तिकिटाचे पैसे बहुतेक परत मिळत नाहीत. कुटुंबातले चार जण असतील तर नुकसान किती मोठं, त्याचा विचार करा. तिकीट आल्याबरोबर घरच्या कॅलेंडरवर आदल्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा: "आज रात्री निघायचं". नातेवाइकांना, गाडीवाल्याला, भेटायला येणाऱ्यांना तीच तारीख सांगा.

भाटघर ते विमानतळ: खरा सफर इथेच

भाटघर ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत मोजलं तर दीडशे किलोमीटरही भरत नाही. रस्त्याने मात्र सुमारे दोनशे किलोमीटर होतात, आणि लागणारा वेळ? जवळजवळ तेवढाच, जितका मुंबईहून जेद्दाला लागतो. हे अतिशयोक्तीने सांगत नाही. भोर-कापूरहोळ रस्त्याने हायवेला यायचं, वेल्ह्याकडच्यांनी चेलाडी फाट्यावर. मग खेड शिवापूरचा टोल. जाता-जाता कमरअली दरवेशांच्या दर्ग्यावर फातेहा पढून पुढे जाणारेही बरेच आहेत, त्यांनी तो वेळ वेगळा धरावा. मग नवा कात्रज बोगदा, नवले पूल, वारजे, चांदणी चौक, वाकड, आणि किवळ्याजवळून एक्सप्रेसवे. एक्सप्रेसवे साधारण ९४ किलोमीटरचा. कळंबोलीला तो संपला की पुढे वाशी-चेंबूर किंवा ठाण्याच्या बाजूने अंधेरी.

रस्ता मोकळा असला तर चार-साडेचार तासांत पोहोचता. पण नवले पुलापासून वाकडपर्यंतचा पट्टा, खंडाळ्याचा घाट आणि मुंबईत शिरतानाची गर्दी, या तिघांपैकी एकाने जरी अडवलं तरी सहा तास होतात. शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सकाळ आणि सणाच्या जोडून सुट्ट्या असतील तर आणखी एक तास जास्त धरा.

(एक गंमत सांगायला हवी. एक्सप्रेसवेवरच्या घाटाला लोक "भोर घाट" म्हणतात, १८६३ मध्ये तिथून रेल्वे गेली तेव्हापासून पुस्तकांतही तसं लिहिलं जातं. आपल्या भोर गावाशी त्या घाटाचा संबंध नाही. आपल्या भोरचा घाट म्हणजे महाडकडे उतरणारा वरंधा. त्या बाजूने कोकणात उतरून मुंबईला जाता येतं, पण ते लांबचं आहे, आणि पावसाळ्यात दरड कोसळते म्हणून तो घाट बंद ठेवण्याचे आदेश निघतात. विमान पकडायला तो रस्ता नको.)

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायला सांगतात, आणि ते ऐकावं. काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं. त्यानंतर तुम्ही दारात उभे असलात तरी बोर्डिंग पास मिळत नाही. रात्री ११ च्या विमानासाठी आपला हिशोब असा: रात्री ८ ला टर्मिनलमध्ये, रस्त्याला पाच तास, जाम किंवा पंक्चरसाठी एक तास, नमाज आणि चहा-नाश्त्याला अर्धा तास. म्हणजे भाटघरहून दुपारी दीड वाजता गाडी हलली पाहिजे. दीड म्हणजे दीड. गावात निरोप द्यायला पन्नास माणसं जमलेली असतात, दुआ, हार, फोटो, गळाभेट यात तासभर सहज जातो. त्यासाठी लोकांना साडेअकराला बोलवा.

गाडी परवडत नसेल तर भोरहून एसटीने स्वारगेट, आणि तिथून किंवा पुणे स्टेशनवरून मुंबईची बस किंवा रेल्वे. दादरला उतरलात तर आता भुयारी मेट्रो (लाइन ३) थेट विमानतळाच्या टी-२ स्थानकापर्यंत जाते. तरुणांना हे सोयीचं आहे. पण चार मोठ्या बॅगा आणि गुडघे दुखणारी आजी असेल तर हा खटाटोप करू नका.

टर्मिनल नीट पाहा. आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून, म्हणजे अंधेरी पूर्वेच्या सहार बाजूने सुटतात. शिवाय आता नवी मुंबईचाही विमानतळ झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि डिसेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत विमानं सुरू झाली. त्याचा कोड एनएमआय. आपल्या भागाला तो खूप जवळचा, पनवेललाच असल्यामुळे मुंबई शहरातली गर्दी पूर्ण टळते. पुढे तिथून सौदीची विमानं वाढली तर भोर-वेल्ह्याच्या माणसाचा तास-दीड तास वाचेल. पण यापुढे "मुंबईचं तिकीट" एवढं म्हणून भागणार नाही. एजंटकडून बीओएम की एनएमआय हे लिहून घ्या. चुकीच्या विमानतळावर पोहोचलात तर दुसऱ्यावर जायला किमान एक तास, आणि तोही रस्ता साफ असेल तरच.

पुण्याहून का जाऊ नये?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, कारण लोहगाव विमानतळ आपल्यापासून पासष्टेक किलोमीटरवर आहे. जुलै २०२४ मध्ये तिथलं नवं टर्मिनलही सुरू झालं. मात्र तो मुळात हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी त्यांच्याशी वाटून घ्यावी लागते, आणि परदेशी उड्डाणं मोजकीच आहेत. जेद्दासाठी सर्रास वापरला जाणारा मार्ग मुंबईचाच. पुण्याहून दुबईमार्गे जाता येतं: पुणे-दुबई सुमारे २,०५० किलोमीटर आणि दुबई-जेद्दा सुमारे १,७००. घरापासून विमानतळापर्यंतचे दोन-तीन तास वाचतात, पण दुबईत थांबावं लागतं.

मुंबईहूनही असे फोडलेले मार्ग स्वस्त मिळतात. मुंबई-मस्कत सुमारे १,६०० आणि मस्कत-जेद्दा सुमारे १,९७० किलोमीटर. दोन्ही मिळून थेट अंतरापेक्षा फक्त पन्नासेक किलोमीटर जास्त, कारण मस्कत जवळजवळ वाटेवरच आहे. दुबईमार्गे शंभरेक किलोमीटर जास्त. म्हणजे अंतर वाढत नाही, पण मध्ये तीन तासांपासून बारा-चौदा तासांपर्यंत थांबा असू शकतो. आमचं मत विचाराल तर सोबत साठीच्या वरचे बुजुर्ग असतील तर तीन-चार हजार रुपये वाचवण्यासाठी रात्रभर परक्या विमानतळावरच्या खुर्चीत बसवू नका. तरुण जोडपं असेल तर हरकत नाही. आणि दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर आहेत याची खात्री करा. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

एहराम कधी: मिनिटांचा हिशोब

विमानाच्या वेळेचा सगळ्यात नाजूक भाग हा आहे. उमराहच्या नियतीने जाणाऱ्याला मीकात एहरामशिवाय ओलांडता येत नाही. भारतातून जहाजाने जाणाऱ्यांसाठी यलमलम ही मीकात मानली जायची. ती मक्केच्या दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटरवर आहे. विमान मात्र पूर्वेकडून ताइफच्या बाजूने येतं आणि कर्न अल-मनाजिलच्या हद्दीतून जातं. मक्केच्या पूर्वेला ऐंशीएक किलोमीटरवरची ही जागा जेद्दात उतरण्याच्या साधारण वीस-तीस मिनिटं आधी खालून निघून जाते. विमान मिनिटाला तेरा-चौदा किलोमीटर जातं. "आता उठतो आणि बाथरूममध्ये जाऊन कपडे बदलतो" म्हणेपर्यंत हद्द ओलांडलेली असते, आणि त्या वेळी बाथरूमसमोर वीस माणसांची रांग असते.

म्हणून बहुतेक लोक चादरी घरी किंवा मुंबई विमानतळावर बांधून घेतात आणि नियत व तल्बिया विमानात करतात. यात एक शहाणपण आहे. नियत केली की खुशबू, नखं-केस कापणं वगैरे पाबंद्या लगेच सुरू होतात. भाटघरलाच नियत केली आणि विमान आठ तास उशिरा सुटलं, तर तेवढा काळ पाबंदी पाळावी लागते. विमान सुटल्यावर तीन-साडेतीन तासांनी, म्हणजे घोषणेची वाट न पाहता, नियत करून घेणं सुरक्षित. झोप लागण्याची भीती असेल तर त्याआधीच. बऱ्याच विमानांत मीकातची घोषणा होते, पण सगळ्यांत होईलच असं नाही.

एहरामच्या चादरी हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगेत गेल्या तर त्या विमानाच्या पोटात जातात आणि जेद्दात उतरल्यावरच दिसतात. मीकात एहरामशिवाय ओलांडली आणि परत जाऊन एहराम बांधला नाही, तर दम, म्हणजे कुर्बानी, लागते. जेद्दात उतरून एहराम बांधण्याबद्दल काही आलिमांची सवलतीची मतं आहेत, पण बहुसंख्य उलेमा ते मान्य करत नाहीत. आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना निघण्याआधी विचारून घ्या. आपल्याकडे घाटावरचे बहुतेक हनफी आणि घाटाखाली कोकणातले बहुतेक शाफई, त्यामुळे एकाच ग्रुपमध्ये दोन उत्तरं ऐकू येऊ शकतात. विमानात त्यावर बहस करत बसू नये.

आधी मदीनाचं तिकीट असेल तर ही सगळी घाई नाही. साध्या कपड्यांत जा, आणि मदीनाहून मक्केला निघताना जुल-हुलैफा (अबयार अली) इथे एहराम बांधा. पहिल्यांदाच जाणाऱ्या बुजुर्गांसाठी हा क्रम फार सोपा पडतो. एजंटला तसं विचारायला काहीच हरकत नाही.

सूर्य लांबतो, सूर्य पळतो

मुंबई आणि जेद्दा यांच्यात रेखांशाचा फरक सुमारे ३३.७ अंश आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने सव्वादोन तास. या अक्षांशावर पृथ्वी ताशी सुमारे १,५६० किलोमीटर वेगाने फिरते, आणि विमान ताशी ८५० ने सूर्याच्या मागे पश्चिमेला धावतं. म्हणून जाताना विमानातला एक तास सूर्यासाठी जेमतेम सत्तावीस मिनिटांचा असतो. दिवस ताणला जातो.

रमजानमध्ये उमराहला जाणाऱ्यांना याचा अनुभव येतो. समजा मुंबईत इफ्तार पावणेसातला आहे आणि तुमचं विमान दुपारी चारला सुटलं. घरचे पावणेसातला रोजा सोडतील, पण तुमच्या खिडकीबाहेर तेव्हा सूर्य चांगला वर असेल. तो मावळेल तेव्हा भारतीय वेळेनुसार पावणेनऊ-नऊ झालेले असतील. शिवाय उंचावरून सूर्य जमिनीपेक्षा काही मिनिटं जास्त दिसतो. रोजा सोडायचा तो विमानातून सूर्य मावळलेला पाहून, मुंबईच्या किंवा खालच्या शहराच्या टाइमटेबलने नव्हे. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहेच. साखरेच्या आजारी माणसाने तिचा विचार जरूर करावा.

येताना बरोबर उलट. विमान सूर्याच्या समोरून येतं, तासाभरात सूर्य दीड तासाचं अंतर कापतो. दुपारी निघालात तर अस्र आणि मगरिब पटापट येऊन जातात, आणि पहाटेच्या विमानात फज्रची वेळ डोळा लागेपर्यंत संपते. मोबाइलवर अलार्म लावून झोपा.

औषधांचंही तसंच. बारा-बारा तासांनी घ्यायची गोळी घड्याळ बदललं म्हणून अडीच तास आधी किंवा नंतर होते. पहिला दिवस भारतीय वेळेनुसारच औषध घ्यायचं की कसं, हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या कप्प्यात ते गोठून खराब होऊ शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी.

जेद्दा ते मक्का

जेद्दाचा विमानतळ १९८१ मध्ये सुरू झाला. त्याचं हज टर्मिनल तंबूंच्या छपराचं आहे. ते उभारणाऱ्या इंजिनिअरांमध्ये ढाक्याचे फजलुर रहमान खान होते, आणि १९८३ मध्ये त्या इमारतीला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. उमराहची विमानं कोणत्या टर्मिनलवर लागतील हे कंपनीनुसार बदलतं, म्हणून ग्रुपच्या माणसाला आधी विचारा. इमिग्रेशन आणि सामानाला तास-दीड तास धरा. मक्का तिथून रस्त्याने शंभरेक किलोमीटर, सव्वा ते दीड तास. हरमैन रेल्वे विमानतळावरूनही मिळते आणि ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावते. मक्का-जेद्दा-मदीना असा तिचा साडेचारशे किलोमीटरचा मार्ग आहे.

मघाचं उदाहरण पुढे नेलं तर: भाटघरहून दुपारी दीडला निघालेला माणूस सौदी वेळेनुसार रात्री दोनला जेद्दात, साडेतीनला विमानतळाबाहेर, आणि पाचच्या सुमारास मक्केत. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात. एकूण अठरा तास झाले, त्यातले हवेतले जेमतेम पाच.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी हाच सफर जहाजाने व्हायचा. मुंबई-जेद्दा समुद्रमार्ग सुमारे २,३०० सागरी मैलांचा, कारण एडनला वळसा घालून लाल समुद्रात शिरावं लागतं. बारा ते पंधरा दिवस लागायचे, आणि पूर्वी कामरान बेटावर क्वारंटाइनसाठी उतरावं लागे ते वेगळंच. मोगल लाइन ही १८७७ ची कंपनी या वाहतुकीसाठी ओळखली जायची. १९८६ मध्ये ती शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. मुंबईहून हाजींना नेणारं शेवटचं जहाज एम. व्ही. अकबरी, आणि १९९५ मध्ये तो मार्ग बंद झाला. भाटघरचं धरण १९२८ मध्ये पूर्ण झालं, त्या काळात इथून हजला निघालेला माणूस परत येईपर्यंत शेतातलं एक पीक निघून जायचं.

परतीच्या वेळी

परतीत दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. जमजमचं पाणी हातातल्या बॅगेत चालत नाही. पाच लिटरचा सीलबंद डबा बहुतेक कंपन्या वेगळा स्वीकारतात, पण नियम कंपनीनुसार बदलतो आणि काही तिकिटांत तो धरलेला नसतो, म्हणून काढतानाच विचारा. दुसरं, घरून घ्यायला येणाऱ्या गाडीला पोहोचण्याची वेळ भारतीय घड्याळाने आणि भारतीय तारखेने सांगा. जेद्दाहून रात्री दहाला निघणारं विमान मुंबईत पोहोचतं ते दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचच्या सुमारास. "आज रात्री निघतोय" एवढंच फोनवर सांगितलं, तर गाडी एक दिवस आधी येऊन उभी राहू शकते. सामान आणि इमिग्रेशनसाठी सव्वा तास धरून गाडी साडेसहाला बोलवली, तर मुंबईतली सकाळची गर्दी वाढण्याआधी वाशीचा पूल ओलांडता येतो, आणि दुपारच्या जेवणाला भाटघर.